दिशाची कावीळ

कावीळ हा शब्द पहिल्यांदा जानकीच्याच तोंडून निघाला, दुसऱ्या कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. हॉस्पिटलातून दिशाला कांजूरमार्गच्या घरी आणली त्या दुपारी लिफ्टच्या दारातच समोरची सोनूबाई भेटली. "अगं बाई, पोर अशी का दिसते?" तिने विचारलं. जानकीच्या डोळ्याला तीन दिवस डोळा लागला नव्हता. खरं सांगायची हिंमत नव्हती आणि बरंसं खोटं शोधायला डोकं ठिकाणावर नव्हतं. जे आलं ते बोलून गेली, "कावीळ झाली. बिलीरुबिन बारा पॉइंट चार."

आता बारा पॉइंट चार कुठून आलं, तर जानकी भांडुपच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसायची. रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, रिपोर्टची पाकिटं माणसांच्या हातात द्यायची. तिथे बसून बसून एक गोष्ट तिला पक्की कळली होती. आजार सांगितला की लोक शंभर प्रश्न विचारतात, आकडा सांगितला की गप्प बसतात. सोनूबाईसुद्धा गप्प बसली आणि संध्याकाळी उसाच्या रसाची बाटली घेऊन दारात उभी राहिली.

खरं होतं ते असं. अकरावीतल्या, सोळा वर्षांच्या दिशाने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वेळेवर कळलं, वेळेवर नेलं, पोर वाचली. एवढंच. चंद्रप्रकाश, म्हणजे दिशाचा बाप, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला आणि रडून झाल्यावर तोंड धुऊन म्हणाला, "बाहेर एक शब्द जाता कामा नये." कोणी म्हणेल, काय बाप आहे! पण तो काही वाईट माणूस नव्हता हो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवाइतकं जुनं होतं. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्या बापाने सहा महिने घरात कळू दिलं नव्हतं, रोज डबा घेऊन बाहेर पडायचा आणि बागेत बसून तो डबा खायचा. चंद्रप्रकाश त्याचाच मुलगा.

तर घरात कावीळ आली. आली म्हणजे काय, राहायलाच आली. तेल बंद, तिखट बंद. मालवणी माणसाच्या घरात बांगडा बंद म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. आठवडा झाला, दोन झाले, दिशा मुळ्याची उकडलेली भाजी आणि पातळ भात खात होती, कारण मजल्यावर पंधरा दारं, आणि कोणाच्या घरी काय तळतंय ते पंधराही घरांना कळतं. तिला न झालेल्या आजाराचं पथ्य ती निमूट पाळत होती. पहिल्यांदा एकदा हसली होती, "आई, मला आता खरंच कावीळ होईल गं." मग तेही हसणं बंद झालं.

जिन्यात, नळावर, भाजीच्या गाडीवर लोक विचारायचे, "आता किती आहे?" आणि जानकी दर आठवड्याला बिलीरुबिन खाली आणायची. नऊ पॉइंट आठ. सात पॉइंट दोन. अगदी लॅबच्या शिस्तीत, कुठे घाई नाही. एका सोमवारी मात्र पोर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, अंघोळ नाही, जेवण नाही, हाक मारली तर ओ नाही. त्या संध्याकाळी कोणीतरी विचारलं आणि जानकीच्या तोंडून आपसूक निघालं, "चौदा. वाढलंय." बोलली आणि पदराने तोंड दाबून घाईघाईने घरात शिरली. पाच आठवड्यांत तेवढं एकच खरं ती बाहेर बोलली होती.

हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, सुरुवातीचे काही महिने जपायचे. पोरीला एकटं ठेवायचं नाही. गोळ्या आईच्या ताब्यात. आणि दर गुरुवारी ओपीडी, चुकवायची नाही. जानकीने सगळं ऐकलं. चंद्रप्रकाशने न्हाणीघराची आतली कडी काढली. जानकी दाराबाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी विचारायची, "आहेस ना गं?" आणि आतून उत्तर यायचं, "आहे." घरात तेल बंद होतं, पण जानकीच्या डोळ्यांत ते दिवसरात्र घातलेलं होतं.

पण माणूस किती जागणार? लॅबमधली रजा संपली, आता बिनपगारी चालली होती. नवऱ्याची गोदामात पाळी, कधी सकाळची, कधी दुपारची. दोन तास कोणी बसायला मिळालं असतं तर जानकीने त्याचे पाय धुतले असते. आणि माणसं होती की! सोनूबाई अख्खा दिवस घरी. पण तिला सांगणार काय? काविळीच्या पोरीजवळ चोवीस तास पहारा कशाला लागतो? जेवायला दिलं, झोपवलं, झालं. तेव्हा जानकी एकटीच बसायची. भिंतीला पाठ लावून, मांडीवर मोबाइल घेऊन, डोळे मिटत मिटत. एकदा भात करपून धूर झाला तरी तिला कळलं नाही. दिशानेच उठून गॅस बंद केला आणि म्हणाली, "झोप गं जरा. मी काही नाही करत." त्या वाक्याने जानकीची झोप पुढचे दोन दिवस उडाली.

गुरुवारची ओपीडी महापालिकेच्या हॉस्पिटलात, मुलुंडच्या बाजूला. सकाळी सातला केसपेपरची रांग, मग डॉक्टर, मग चेतना मॅडम. चेतना म्हणजे तिथली समुपदेशक. तिशीची, साध्या सुती कुर्त्यातली, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारी बाई. पहिल्याच दिवशी जानकीने तिला विचारलं होतं, "मॅडम, का केलं हिने असं? परीक्षा? कोणी मुलगा? आम्ही काही बोललो का?" चेतना म्हणाली, "दिशाच्या आई, एकच कारण शोधू नका. तसं एक कारण नसतं. तिला खूप दिवस खूप जड वाटत होतं, आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं. आता सांगता यावं, एवढं बघायचं." जानकीने मान हलवली. कळलं किती, देव जाणे.

दिशा पहिल्या तीन गुरुवारी गेली. तासभर आत बसायची, बाहेर यायची तेव्हा डोळे सुजलेले, पण खांदे जरा सैल. परत येताना एकदा तिने स्वतःहून वडापाव मागितला. जानकीने इकडे तिकडे बघत, कोणी ओळखीचं नाही ना याची खात्री करून घेऊन दिला. कावीळ ना! पोरीने दोन घास खाल्ले आणि उरलेला कागदात गुंडाळून आईच्या हातात दिला.

चौथ्या गुरुवारी ती उठलीच नाही. "मी नाही येणार."

जानकीने समजावलं, रागावली, हात जोडले. नाही म्हणजे नाही. पाचव्या गुरुवारीही तेच. दुपारी चेतनाचा फोन आला. आवाजात गोडवा होता, पण मुद्दा सरळ होता. "दोन वेळा चुकलंय. हे दिवस नाजूक असतात. तिला यायलाच हवं. काय अडतंय, ते तिला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. फोन ठेवून जानकी दिशाच्या शेजारी जमिनीवर बसली. "काय अडतंय गं?" तिने विचारलं. आवाज रागाचा निघाला नाही, कारण रागवायला अंगात काही उरलंच नव्हतं.

दिशाने वहीतून एक कागद काढून दिला. चेतनाने भरायला दिलेला. वर लिहिलं होतं, फार जड वाटायला लागलं तर मी कोणाला सांगेन. खाली पाच ओळी. पहिल्या ओळीत चेतना मॅडम. दुसऱ्या ओळीत आई. पुढच्या तीन कोऱ्या.

"मॅडम म्हणाल्या, पाच नावं हवीत," दिशा म्हणाली. "शेजारचं कोणी, मैत्रीण, नातेवाईक. मी कोणाचं लिहू? सगळ्यांना माझी कावीळ माहीत आहे. सोनूमावशी येते, डोळे बघते, म्हणते पिवळे नाहीत आता. आत्या फोन करते, रस पी म्हणते. सगळे माझ्या काविळीची काळजी करतात गं. माझी कोण करतं?"

"असं नको बोलू."

"तिथे जाऊन तासभर खरं बोलायचं आणि इथे येऊन परत कावीळ. मला दोन्ही नाही जमत, आई. मी दमले. एक काहीतरी सोडायला लागेल. तर मग तिथलं सोडते."

एक काहीतरी सोडायला लागेल, हे पोर कुठवर नेऊ शकते ते जानकीने एकदा बघितलं होतं. "मी सांगेन सगळ्यांना," ती म्हणाली. "जरा थांब. हळूहळू सांगू."

"कधी?"

त्या रात्री दुपारच्या पाळीहून आलेल्या नवऱ्यापाशी जानकीने विषय काढला, तर तो म्हणाला, "वेड लागलंय का? पाच आठवडे काढले, अजून पंधरा दिवसांत कावीळ बरी करून टाक, विषय संपला." काविळीचा संपेल हो. पोरीचा?

आणि नेमका त्याच रविवारी गावाहून लवूकाका येऊन उभा राहिला. लवूकाका म्हणजे चंद्रप्रकाशचा चुलतकाका, कुडाळकडचा, पंच्याहत्तरीचा खुटखुटीत म्हातारा. आत्याकडून त्याला कळलं होतं की पोरीची कावीळ पाच आठवडे उतरत नाही. एका हातात काविळीच्या पाल्याची पुडी, दुसऱ्या हातात घरच्या माडाचा नारळ. गाडीतून उतरून थेट घरी. पाणी प्यायच्या आधी म्हणाला, "एवढे दिवस रेंगाळता म्हणजे साधा नाय. देवाक गाऱ्हाणा घालूक होया."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली फिर्याद. मंत्र नाही, पोथी नाही. घरातला वडील माणूस देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो आणि आपल्या बोलीत सांगतो की देवा, असं असं झालंय, निवार. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. मध्ये कोणी बोलायचं नाही. आणि खोटं तर अजिबात घालायचं नाही, कारण ऐकणारा सगळं जाणून असतो. हे लवूकाकाला ठाऊक, चंद्रप्रकाशलाही ठाऊक. जानकीने स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठलं. "अहो, त्यांना निदान खरं सांगा. देवापुढे कावीळ म्हणणार का ते?"

"आता काही बोलू नकोस," चंद्रप्रकाश कुजबुजला. "म्हातारा माणूस आहे, गावाला जाऊन दहा घरी सांगेल. देवाला समजतं सगळं."

सकाळचे अकरा वाजले होते. टीव्हीच्या बाजूच्या देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, त्यावर दिशाला बसवली. शेजारची चार माणसं आली. सोनूबाईसुद्धा आली, पण ती उंबऱ्यापाशीच बसली. ती बौद्ध, तिच्या घरात हे असलं काही नाही. नारळ बिरळ तिला पटत नाही आणि ती ते तोंडावर सांगते, पण पोरीसाठी बोलावलंय म्हणून आली. लवूकाकाने टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि त्या एवढ्याशा खोलीत भांडी वाजतील असा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू आज कांजूरमार्गाक उभा ऱ्हवान तुका हाक मारता हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोटासाठी मुंबैत इली ही तुझी लेकरा, काय चुकली आसतीत, माकली आसतीत, तर पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या चेडवाच्या आंगात कावीळ भरली हा, ती मुळासकट भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जानकी हे म्हणाली नाही. ती दिशाकडे बघत होती. पोरीच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं वाटलं असतं. रडली असती तरी चाललं असतं. पण दिशा पाटावर ताठ बसून, समोर बघत, सगळ्यांबरोबर ओठ हलवत होती. तीही म्हणत होती, व्हय म्हाराजा. शाळेतल्या हजेरीसारखं. आपल्याला कावीळ झालीय, असं पोर देवापुढे कबूल करत होती, कारण आईबापाने तसं शिकवलं होतं. आणि मनातलं कोणाला सांगायचं नाही, हेही तिने ह्याच घरात शिकून घेतलं असेल, असं जानकीला वाटलं आणि तिला उभं राहवेना.

"नाय," ती म्हणाली.

लवूकाकाने डोळे उघडले. चंद्रप्रकाशने मान वळवली. गाऱ्हाण्यात अर्ध्यावर कोणी बोललेलं त्या घराण्यात कोणाला आठवत नव्हतं.

"काकांनू, थांबा. कावीळ नाय हा." आता थांबायची ताकदही जानकीत नव्हती. "कावीळ मी रचलंय. पाच आठवड्यापूर्वी माझ्या चेडवान जीव देऊक बघल्यान."

"जानकी!" चंद्रप्रकाश ओरडला.

"ओरडा," जानकी म्हणाली. "ओरडा हवं तेवढं. मला आता आकडे लावायला जमत नाहीत. माझी पोर मरता मरता वाचली आणि मी मजल्यावर बिलीरुबिन सांगत फिरतेय. मला दोन तास झोपायला मिळत नाही, कोणाला बस म्हणायची सोय नाही. ती उपचाराला जायची बंद झाली ती ह्या काविळीपायी. परत काही झालं तर काय सांगणार आहोत? कावीळ वाढली?"

मग उंबऱ्यावरून सोनूबाई बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माहीत होतं गं."

जानकीने वळून बघितलं.

"पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पोलीस आला होता ना जबाब घ्यायला? काविळीचा जबाब घेतात होय? अख्ख्या मजल्याला कळलंय. तू कावीळ म्हणालीस, म्हणून आम्ही रस आणला. तुला बोलायचं नाही तर आपण कशाला उकरा, म्हटलं." तिने पदराने डोळे पुसले. "चुकलंच आमचं. मी तर रोज घरात असते. नुसती हाक मारायची होतीस. मी येऊन बसले असते, काही न विचारता."

म्हणजे पंधरा दारांची अळीमिळी गुपचिळी. पाच आठवडे सगळे सगळ्यांना फसवत होते, आणि मधोमध ती पोर उकडलेला मुळा खात बसली होती. जानकीला हसू आलं की रडू, तिचं तिला कळलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

लवूकाका नारळासमोर तसाच उभा होता. गाऱ्हाणं तर अर्ध्यावर सोडता येत नाही. "मगे आता मी देवाक काय सांगू?" त्याने विचारलं. चंद्रप्रकाशला विचारलं, त्याने मान खाली घातली. जानकीला विचारलं, तिने डोळे मिटले. शेवटी तो कमरेत वाकून, पाटावर बसलेल्या दिशाला विचारू लागला, "बाय माझे, तूच सांग. काय सांगू?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न दिशाला ह्या घरात कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी विचारलं होतं ते 'का'.

"सांगा," ती म्हणाली. "सांगा की मी अजून बरी नाहीये. कधी होईन ते मला माहीत नाही. आणि कोणी विचारलं की मला बरी आहे म्हणायला लावू नका."

म्हातारा सरळ उभा राहिला. डोळे मिटले. आवाज मघासारखा लागला नाही, फाटला, पण थांबला नाही.

"बा देवा म्हाराजा. ह्या चेडू सांगता हा, ता अजून बरा नाय. कधी बरा होतला, ता तेका म्हायत नाय. तेच्याकडसून कोणी खोटा बोलून घेवक नको, म्हाराजा."

असल्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणायची कोणाला सवय नव्हती. आधी जानकी म्हणाली, जमिनीवर बसल्या बसल्या, "व्हय म्हाराजा." मग उंबऱ्यावरून सोनूबाई, जिने आजवर कुठल्या देवाला ओ दिली नव्हती, ती पोरीकडे बघत नुसतं "होय" म्हणाली. मग शेजारची माणसं, एकेक करत, वेगवेगळी. चंद्रप्रकाश सगळ्यात शेवटी. त्याचे शब्द बाहेरच आले नाहीत, नुसते ओठ हलले. मग तो पुढे आला आणि पाटाजवळ, पोरीच्या समोर उकिडवा बसला. हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं.

"गुरुवारी मी येऊ का तुझ्याबरोबर?" त्याने विचारलं.

बापावर उपकार करायचे म्हणून दिशा हो म्हणणार नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"ये," ती म्हणाली. "पण बाहेर बसायला लागेल. आणि नंबर लावायचा तर सहाला निघायला लागतं, पप्पा. तुला उठवत नाही."

"उठेन," चंद्रप्रकाश म्हणाला.